गहाळ फर्म्याची बखर

श्री सरस्वती प्रसन्न. जिने अक्षर दिले, अक्षरास डोळा दिला आणि पन्नाशीनंतर डोळ्यास चष्मा दिला, तिला नमन करून हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सर, कार्तिक मास. नदीकाठच्या एका राज्यात वाचनालय नामक किल्ला होता. किल्लेदार तात्या खांबेटे, स्वभावे शांत, कमरेस किल्ल्या आणि हाती सदैव गोंदाची बाटली. परंतु किल्ल्यावर हुकूम चाले तो सगुणाबाई वेलणकर यांचा. बाई शाळेत हयात घालवून निवृत्त जाहलेल्या. दर शनिवारी दरबार भरे आणि बाई आठवड्यात वाचलेल्या ग्रंथांचा निवाडा करीत, आणि बाई म्हणतील ते पुस्तक दर्शनी फळीवर बसे, बाकीची मागील कपाटात वनवासास जात. निवाडे कडक. कादंबरीचा नायक मरतेसमयी दोन पाने बोलू लागला की बाई म्हणत, "एवढा दम होता तर जगायचं होतं मेल्याने." आत्मचरित्रात लेखकाचे एकदाही चुकले नाही तर ते अर्ध्यावर मिटीत. प्रवासवर्णनात नुसती जेवणेच असली तर भूक चांगली लागली म्हणून आभार मानीत आणि पुस्तक परत करीत. प्रस्तावना शेवटी वाचावी, कविता मोठ्याने वाचावी, आणि रहस्यकथेतला खुनी आधीच सांगणारास किल्ल्यावर पाणीही विचारू नये, ऐसे त्यांचे कायदे. परंतु मन कृतज्ञ. अगदी टाकाऊ पुस्तकही दोन्ही हातांनी परत करीत आणि म्हणत, "बाबा रे, एक दुपार तुझ्यामुळे बरी गेली."

सर्व ग्रंथांत बाईंचा जीव एका कादंबरीवर. तिची नायिका कमळजा. बापाने न विचारता लग्न ठरविले, म्हणून ती शिकावयास घरातून निघते, नदीवर येते, आणि शेवटचे वाक्य ऐसे की, 'कमळजेने एक पाय नावेत ठेवला.' तेथेच पुस्तक संपे. लेखक निवर्तले, छापखाना बुडाला, मुलुखात दुसरी प्रत नाही. सर्व राज्याने वाचली ती हीच. बाईंनी ती वाचली तेव्हा वय बावीस, आणि त्यांचेही लग्न वडिलांनी ठरविले होते. पुस्तक मिटले आणि दुसऱ्या सकाळी बाई खरोखरच नदीपलीकडच्या अध्यापिका विद्यालयात गेल्या. वडील वर्षभर बोलले नाहीत, मग बोलू लागले. पुढे शाळेत किती पोरींना बाईंनी ती कादंबरी वाचावयास दिली आणि त्यांतील किती जणी घरच्यांशी भांडून शिकल्या, हे राज्यात सर्वांस ठाऊक. किल्ल्यावर विरोधी पक्ष एकच, दाजीसाहेब पोतनीस, निवृत्त मामलेदार. ते नेहमी म्हणत, "बाई, शेवटी 'समाप्त' कुठे छापलंय? मला तर गोष्ट अर्धी वाटते." आणि बाई म्हणत, "थोर लेखक समाप्त लिहीत नसतात, दाजीसाहेब. ते मामलेदार लिहितात, निकालपत्राखाली." मग दरबार हसे आणि दाजीसाहेब पानाचा डबा उघडीत.

तो त्या कार्तिकात दाजीसाहेब लेकीकडे परमुलुखी गेले, तेथे रद्दीच्या दुकानी त्यांस तीच कादंबरी मिळाली, जाडीने किंचित अधिक. शनिवारी स्वारी थेट दरबारात आली आणि पुस्तक बाईंपुढे ठेवून म्हणाली, "घ्या. तुमची कमळजा घरी आली." मग उलगडा जाहला. छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. किल्ल्यावरील प्रतीत बांधणारा शेवटचा फर्मा घालावयास विसरला आणि त्याने तसाच पुठ्ठा चढविला. वाक्य नेमके पानाच्या तळाशी पुरे होत होते, म्हणून कोणास संशय आला नाही. दाजीसाहेब खुर्चीवरून उठून वाचू लागले. कमळजेने एक पाय नावेत ठेवला, इतक्यात मागून हाक आली, भाऊ धावत आला, आई आजारी, आणि कमळजेने पाय मागे घेतला, आणि घरी आली, आणि लग्न जाहले, आणि नवरा सज्जन निघाला, आणि शेवटी सर्व मंडळी पुरणपोळीच्या पंगतीस बसली. समाप्त. तो शब्द दाजीसाहेबांनी मोठ्याने वाचला खरा, परंतु विजयाचे हसू काही केल्या येईना. तात्या गोंदाची बाटली चाचपीत म्हणाले, "बाई, ही सोळा पानं हातानं उतरवून आपल्या प्रतीला चिकटवू का? पुस्तक पुरं होईल." बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपर्यंत गोंदास हात लावू नका," आणि नवी प्रत घेऊन घरी गेल्या.

बाईंनी ती पाने पुनःपुन्हा वाचली. ज्या कमळजेच्या मागे आपण नदी ओलांडली ती नदीवरून परत फिरली होती. मग आपण कोणामागे गेलो? आणि पोरींना काय दिले, बांधणाराची चूक? दोन दिवस अन्न गोड लागेना. मनात येई की तात्यांनी पाने चिकटवावी आणि आपण दरबार सोडावा, आणि मनात येई की नवी प्रत चुलीत घालावी. परंतु हयातीत पुस्तक जाळले नव्हते. आणि निवाडा करणारीने न्याय सोडू नये, म्हणून तिसरे दिवशी चष्मा पुसून पुन्हा बसल्या. तेव्हा दिसले की पंगत भिकार आहे, नवरा कागदी आहे, परंतु आजारातही उठून दारात लेकीची वाट पाहणारी आई लेखकाने खरी उतरविली आहे. तेथे बाईंचे डोळे भरले. वडील वर्षभर बोलले नव्हते तेव्हा दारात कोण उभे राही, हे त्यांस आठवले.

शनिवारी किल्ला भरला. बाई उभ्या राहिल्या आणि बोलत्या झाल्या, "माझी चूक झाली. अर्ध्या पुस्तकाला मी इतकी वर्षं पुरं म्हटलं. दाजीसाहेबांचं खरं होतं." दाजीसाहेब गडबडून म्हणाले, "अहो, पण ती पुरणपोळी मलासुद्धा पटली नाही!" बाई म्हणाल्या, "बसा. लेखकाला दोष नाही. त्याने तिला नदीपर्यंत आणलं, एवढे त्याचे उपकार माझ्यावर आहेत. बांधणाऱ्याचेही आहेत. पण दुसरा पाय नावेत त्यांनी कोणी ठेवला नव्हता. तो मी ठेवला, आणि माझ्या पोरींनी ठेवला. ते श्रेय मी इतकी वर्षं उगाच पुस्तकाला देत होते." मग तात्यांकडे वळून हुकूम दिला, "चिकटवायचं काही नाही. दोन्ही प्रती दर्शनी फळीवर, शेजारी शेजारी. आधी जुनी द्यायची. पुढे काय झालं म्हणून जी विचारील तिला आधी म्हणायचं, तुला काय वाटतं ते सांग. मग नवी द्यायची."

तात्पर्य, पुस्तके दोन जाहली आणि राज्यात वाद दुप्पट जाहला, आणि बाई व दाजीसाहेब तो नित्य आवडीने करिते झाले. नवी प्रत पुष्कळांनी नेली. परत आणताना बहुतेकांनी जुनीच पुन्हा मागितली. घडले तैसे लिहिले, कमीजास्त काही नाही.