भावकीची बेरीज

देवचंदनानांना अग्नी देऊन लोक परतले, तेव्हापासून लिलाबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून डबा येतो आणि दुःखातल्या माणसाने त्यातला निदान एक घास घ्यायचा, नाहीतर त्या घराचा अपमान होतो. पहिल्या डब्यातला तेवढा एक घास लिलाबाईंनी गिळला आणि ताट सारलं. साखरेचा आजार, त्यात उपाशी पोट. बाप गेला, आता आईही हातची जाते की काय, या धास्तीने प्रेमराज सरांना काही सुचेना.

सर जळगावला अकरावीला गणित शिकवायचे, गाव अमळनेरजवळचं. कोणी कोणत्या दिवशी डबा आणायचा ते ठरवून द्या, म्हणून पुतण्या भूपेंद्र, सरांचाच जुना विद्यार्थी, मागे लागला होता. सरांनी डोळे पुसत कागदावर सिग्मा काढला, म्हणजे गणितातलं बेरजेचं चिन्ह. खाली 'दिवस = १', वर '१०' आणि समोर 'घर'. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत चालत जायचं आणि दर दिवशी समोरचं मिळवत जायचं. खाली भावकीतल्या घरांची नावं ओळीने लिहिली आणि फोटो ग्रुपवर टाकला. माणूस रडत असला तरी सवय जात नाही.

मात्र 'घर'च्या पायाशी दिवसाचा बारीक आकडा घालायचा राहून गेला. तो असता तर पहिल्या दिवशी पहिलं घर, दुसऱ्या दिवशी दुसरं. तो नाही, म्हणजे समोरचं बदलत नाही, रोज तीच सगळी घरं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओटा डब्यांनी भरला. सगळ्यांतून खिचडी. सरांच्या बायकोची, प्रमिलाबाईंची, भांडी संपली. भेटायला आलेल्यांच्या हातात रडून व्हायच्या आत ताटली पडू लागली. गल्लीतल्या कुत्र्यांनीही संध्याकाळी तोंड फिरवलं. सरांनी भूपेंद्रला बाजूला घेतलं.

"तुम्हीच लिखेल शे ना, सर," तो म्हणाला. "पायशी आकडा नही, म्हनजे रोज बठ्ठं मिळवानं. याच चुकीवर तुम्ही माले बाकवर उभं करेल व्हतं."

सरांना राग आला, लाज वाटली, आणि एवढ्या दुःखात, पोरगं शिकलं म्हणायचं, असंही वाटून गेलं. त्यांनी आकडा घालून नवा कागद ग्रुपवर टाकला, खाली माफी मागितली. भावकी शिस्तीची. तिसऱ्या दिवशी एकच डबा आला, छगनच्या घरचा. ओटा मोकळा झाला, सरांनी श्वास सोडला.

संध्याकाळी प्रमिलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या की मायनं एकच घास घेऊन पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"मंग काल?" सरांनी विचारलं.

"काल येक घास छगनना, येक नथ्थूना, येक पुनाना. कोनले नही म्हनतीन त्या? मान राखता राखता पोट भरनं त्यासनं."

डब्यांच्या गोंधळात हे सरांनी पाहिलंच नव्हतं. ते आईच्या उशाशी गेले, खिचडी कालवली.

"माय, आखो येक घास ले."

"छगनना मान राखा ना मी," लिलाबाई भिंतीला म्हणाल्या. "आते कोना ऱ्हायना?"

पोरांच्या वहीतली चुकीची बेरीज आयुष्यात एकदाही बरोबर न ठरवलेला तो माणूस बाहेर ओट्यावर आला. मोबाइल काढून त्याने ग्रुपवर लिहिलं की कालची दुरुस्ती चुकीची होती, पहिलंच गणित बरोबर, तसंच करावं.

सर, खात्री शे ना, असं भूपेंद्रने लगेच विचारलं. खात्री आहे, असं सरांनी कळवलं, आणि तिथेच बसून बापासाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

चौथ्या दिवशी दुपारी ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. लिलाबाईंनी डब्यांकडे पाहून कपाळाला हात लावला. मग हळूहळू उठून बसल्या, पदर सावरला.

"पयला कोना शे?" त्यांनी विचारलं.