सेल्मरचं तिसरं ‘नको’

पैसा मिळवावा कसा हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. पण तो संपवावा कसा, हे अख्ख्या उत्तर मिनेसोटात एकट्या सेल्मर हॉगलंडला कळलं होतं! निदान सेल्मरचं तसं म्हणणं होतं.

"शनिवारपर्यंत पुरता कफल्लक होऊन दाखवतो, बघच तू!" तो छाती काढून सांगायचा.

सांगायचा कुणाला? फ्रिजला. बायको बर्निस जाऊन चार वर्षं झाली होती, आणि घरात आवाज करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

कफल्लक व्हायचं कारण असं. तळ्याकाठी ‘पाइन पॉइंट’ नावाचा वृद्धाश्रम होता. तिथं महिन्याला एवढा पैसा मोजावा लागायचा, की तेवढ्यात म्हातारा बोटीनं जगाला चक्कर मारून आला असता, तीही नाचगाण्यासकट. बर्निसचं शेवटचं दुखणं तिथंच निघालं. त्यात आधी गाई गेल्या, मग ट्रॅक्टर गेला, मग शेत गेलं. "बायकोनं जाताना एकशे साठ एकर खाल्ले," सेल्मर म्हणायचा, "आणि बिचारीला भूक होती चिमणीएवढी!" तेव्हापासून तो शेत विकून उरलेल्या थोड्या पैशांवर गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होता. वृद्धाश्रमाचा खर्च सरकारही करतं, नाही असं नाही. पण कुणाचा? ज्याच्याजवळ काहीच उरलं नाही त्याचा. म्हणजे जन्मभर काटकसर करणाऱ्यानं आधी ती काटकसर खाऊन संपवायची आणि मगच सरकारच्या दारात उभं राहायचं.

आणि आता पाइन पॉइंटात ऑरिनच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी झाली होती! ऑरिन म्हणजे सेल्मरचा जुना शेजारी आणि पत्त्यांतला कायमचा भिडू. सरकारी खर्चावरच्या म्हाताऱ्यांना तिथं दोघांत एक खोली मिळायची. लोक त्या खोल्यांना नाकं मुरडायचे. सेल्मरला मात्र सकाळी डोळे उघडताच समोर ऑरिनचं आंबट तोंड दिसणार, आणि उठल्या उठल्या त्याच्याशी भांडता येणार, या विचारानंच गुदगुल्या व्हायच्या. घरी एकट्यानं दोन्ही बाजूंचे पत्ते खेळून, स्वतःलाच फसवून, तो अगदी विटून गेला होता.

हे सगळं सरकारी कचेरीतली मार्लिस बघत होती. ती त्याच्याच चर्चमधली, त्यामुळे कचेरीतसुद्धा काकाच म्हणायची.

"सोमवारपर्यंत खाट तुमच्यासाठी धरून ठेवलीय, काका. तोवर शिल्लक संपवा, की तुमचा अर्ज मंजूर. कॉफी घेता?"

"नको, नको."

"अर्धा कप?"

"छे गं, उगाच तुला त्रास."

"अहो, केलेलीच आहे!"

"बरं, आता केलेलीच आहे म्हणतेस तर..."

इथला रिवाजच आहे तसा. पहिल्या आग्रहाला हो म्हणतो तो हावरट, दुसऱ्याला म्हणतो तो उतावळा, आणि तिसऱ्याला मान डोलावतो तो घरंदाज. सेल्मरनं बर्निसला मागणीसुद्धा तीनदा घातली होती, आणि पहिल्या दोन नकारांनंतर तो शांतपणे घरी जाऊन गाई पिळून आला होता.

"उरलेलं चर्चला देऊन टाकतो," कॉफी फुंकत तो म्हणाला.

"अजिबात नाही! दान केलंत की सरकार म्हणणार, मुद्दाम गरीब झाला. पाच वर्षं मागचं उकरून काढतात ते. स्वतःवर खर्च करा."

"स्वतःवर?" सेल्मरला घाम फुटला. हे त्याला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

पण गडी हटला नाही. त्यानं नवे दात बसवून घेतले. कानाचं यंत्र घेतलं, आणि ते लावल्यावर घरात किती शांतता आहे हे त्याला अगदी स्पष्ट ऐकू येऊ लागलं. अंत्यविधीचा खर्च आगाऊ भरलेला सरकारला चालतो असं कळल्यावर तो शवपेट्यांच्या दुकानात गेला आणि अक्रोडाच्या लाकडाची, आतून मखमल लावलेली पेटी पसंत करून बूट काढून आत आडवाच झाला.

"घरच्या गादीपेक्षा बरी आहे हो! आजच नेली तर?"

"तशी पद्धत नाही," दुकानदार म्हणाला.

बर्निसच्या थडग्याशेजारच्या दगडावर स्वतःचं नाव आणि जन्मसालही कोरून झालं. तरी मेले थोडे डॉलर उरलेच!

आणि तेव्हा सेल्मरला ती नामी युक्ती सुचली. शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा होती. सगळं गाव बर्फाला भोकं पाडून त्यांत डोळे लावून बसणार, आणि अग्निशमन दलाचे लोक सोडतीची तिकिटं विकणार. सेल्मरनं उभ्या आयुष्यात असल्या सोडतींत पैसे घातले होते, पण त्याला कधी साधं सॉसेज लागलं नव्हतं. पैसा बुडवायला याहून खात्रीची जागा जगात नव्हती! त्यानं तिकिटांचं अख्खं पुडकं विकत घेतलं आणि रिकामं पाकीट थोपटत, शीळ घालत उभा राहिला. नव्या दातांतून शीळ नीट येत नव्हती, पण आनंद खरा होता.

दलाचा प्रमुख गॉर्डी कर्ण्यातून ओरडला, "पहिलं बक्षीस, नवाकोरा पिकअप ट्रक! आणि तो लागलाय... सेल्मर हॉगलंड यांना!"

"नको!" सेल्मर किंचाळला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात जुन्या वळणाचा माणूस!" कुणीतरी म्हणालं.

"अरे बाबांनो, खरंच नको! दुसऱ्या कुणाला द्या!"

"घ्या हो सेल्मरकाका, तुमचा मान आहे!" गॉर्डी किल्ली पुढे करत म्हणाला. बायका मफलरांवर जमलेला बर्फ झटकून डोळे पुसू लागल्या.

"नाही म्हणजे नाही! माझं वाटोळं होईल!"

झालं! हे तिसरं ‘नको’! आता पुढे इथं कुणी विचारतच नाही. गॉर्डीनं किल्ली सेल्मरच्या कोटाच्या खिशात कोंबली, चौघांनी त्याला उचलून ट्रकमध्ये बसवलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा वाहणाऱ्या पाण्याचा फोटो गावच्या साप्ताहिकात ‘आनंदाश्रू’ म्हणून छापून आला.

मार्लिसनं कपाळावर हात मारला. "काका, काय करून बसलात हे!"

"परत देतो."

"परत दिलात तर ते दान!"

"तळ्यात ढकलतो."

"तेही चालणार नाही. तुम्ही आता श्रीमंत आहात. अर्ज रद्द! ट्रक विका, आणि ते पैसे संपेपर्यंत स्वतःचं स्वतः भरा."

"मग आजच भरतो! ऑरिनची खाट तेवढी सोडू नका!"

"कशातून भरणार? ट्रकची कागदपत्रं यायलाच महिना लागेल."

म्हणजे दारात ट्रक आणि खिशात दमडी नाही! महिनाभर गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस उकडलेले बटाटे खाऊन राहिला. येणारेजाणारे ट्रकच्या पाठीवर थाप मारून जात होते. घरात कुणी येत नव्हतं. पहिल्याच सोमवारी ती खाट ड्वेन नावाच्या माणसाला मिळाली. तो लेकीच्या आधारानं टेक्सासहून इकडे राहायला आलेला, बोलका आणि कफल्लक होता.

ट्रक विकला गेला तेव्हा पाइन पॉइंटच्या मॅनेजरबाई स्वतः दारात स्वागताला आल्या. "तुमच्यासाठी एकट्याची खोली! तळ्याकडे खिडकी!"

"कुणाबरोबर नाही का मिळणार?"

"दोघांच्या सगळ्या भरल्यात. आणि तुम्ही कशाला अडचणीत राहायचं? पैसे भरणारे तुम्ही!"

खोली मोठी होती. तिच्या महिन्याच्या बिलात ट्रकची मागची दोन चाकं गेली असा सेल्मरचा हिशेब होता. ट्रक असा खाऊन संपला की तो पुन्हा गरीब होणार होता, आणि मग कुठल्यातरी दुसऱ्या खाटेवर त्याची वर्णी लागणार होती. जन्मभर ज्या गरिबीला भ्यायला, तिची तो आता पाहुण्यासारखी वाट बघत होता.

सामान लावून तो लांबलचक बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऑरिनच्या खोलीकडे गेला. दाराबाहेरूनच हसणं ऐकू आलं. नव्या यंत्रातून तर फारच स्वच्छ ऐकू आलं. ड्वेन पत्ते पिसत होता आणि ऑरिन त्याच्यावर आंबट तोंडानं खेकसत होता.

"सेल्मर! आलास का गड्या!" ऑरिन ओरडला. "ये, बस. तिघांत खेळू."

"नको, नको," सेल्मर म्हणाला. "तुमचं चालू द्या."

ऑरिननं पुन्हा विचारायला तोंड उघडलं, एवढ्यात ड्वेन म्हणाला, "नको म्हणतोय ना तो? चल, उतर पान!" आणि त्यानं असं काही पान टाकलं, की ऑरिनचं सगळं लक्ष तिकडे गेलं. भांडण जुंपलं. ते सेल्मरचं भांडण होतं, त्याच्या हक्काचं!

सेल्मर दारात उभा राहिला. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून बराच वेळ उभा राहिला. आपण होऊन आत जाऊन बसावं असं त्याला फार वाटलं, पण पाय काही उचलेना. मग तो आपल्या खोलीत परत आला.

पैसे भरणाऱ्यांच्या खोलीत सगळ्या सोयी होत्या. कोपऱ्यात छोटासा फ्रिजसुद्धा होता. सेल्मर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्यानं पत्ते पिसले आणि दोघांना वाटले.

"खेळणार का?" त्यानं विचारलं.

फ्रिज गप्प होता.

"अरे, एकच डाव."

तरी गप्प.

"पत्ते वाटलेलेच आहेत," सेल्मर म्हणाला.

तेव्हा कुठे फ्रिज घरघरला. इथलाच होता तो!