समासातील टीप आणि चंद्रनौका यांची हकीकत

श्री यंत्रेश्वर समर्थ. राज्यातील दिवे तेवते असोत आणि तारा शाबूत असोत. शके एकोणीसशे एकावन्न, सौम्यनाम संवत्सरे, ते सालीं राज्यातून नौका चंद्राकडे रवाना जाहली, ती तेथे पोहोचोन भ्रमिष्ट जाहली आणि मागाहून शुद्धीवर आली, हे वर्तमान कैसे घडले म्हणोन साहेबीं विचारिले. त्यास सेवक नभखात्याचे दफ्तरीं बसोन होता, डोळां पाहिले आणि कानीं ऐकिले तितके लिहितो. कंपनीवाल्यांस हे रुचणार नाही, त्यास आमचा इलाज नाही.

राज्यात त्या काळी आज्ञावली लिहिणारांचे दोन पंथ होते. आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करावे याची ओळीओळीने लिहिलेली ताकीद. यंत्र ती अक्षरशः पाळते, पदरचे काही करीत नाही. एक पंथ मुक्तस्रोतवाल्यांचा. हे लिहितील ते उघड्या चावडीवर ठेवणार, ज्यास हवे त्याने वाचावे, न्यावे, दुरुस्त करावे ऐसे म्हणणार, आणि ओळ लिहिताना डावीकडे जागा किती सोडावी यावरून आपसांत वर्षानुवर्षे अबोला धरणार. दुसरा पंथ कंपन्यांचा. हे लिहितील ते पेटीत घालोन वर मोहोर करणार, आणि आत काय म्हणोन कोणी विचारिले तर दुखावले जाणार. सेवकाचे मत पुसाल तर भांडखोर लोक परवडले, त्यांचे चुकते ते चारचौघांत चुकते आणि कोणी ना कोणी ते दाखवोन देतो.

पैकी पहिल्या पंथात कसबे निगडोली येथील गोदावरीबाई कर्णिक म्हणोन होत्या. टेलिफोन कचेरीत सदतीस वर्षे चाकरी केली, आणि त्या चाकरीत यंत्रांस वेळ मोजण्याची एक आज्ञावली स्वतः लिहिली, आणि ती नेटकी चालली म्हणोन वरिष्ठांचे परवानगीने चावडीवर ठेविली, आणि सोबत आपल्या हातची सनद जोडली. सनदेत कलमे दोनच. एक, आज्ञावली कोणीही न्यावी, परंतु माझे नाव आणि समासातील टिपा पुसू नयेत. दुसरे, जो नेईल त्याने कोठे चालविली आणि कैसी चालली हे मला पोस्टकार्ड टाकोन कळवावे. बाईंस टिपा लिहिण्याची भारी हौस. ओळ दोन शब्दांची, तर समासात टीप चार ओळींची, आणि तीत कचेरीतील कोणता पंखा बिघडला होता तेही असावयाचे. लोक हसत, परंतु आज्ञावली नेत, आणि पोस्टकार्डे येत, आणि बाई ती सुतळीने बांधोन बिस्किटाच्या डब्यात ठेवीत. आणि त्या काळी सप्तकोट नामे एक मोठी कंपनी होती, तिनेही ही आज्ञावली नेली. पोस्टकार्ड टाकिले नाही.

त्या कंपनीत एक झाडलोट खाते होते. बाहेरून आलेली आज्ञावली प्रथम तेथे जाई, आणि तेथील मंडळी तीतून यंत्रास न लागणारे प्रत्येक अक्षर काढोन टाकीत. टिपा जात, नावे जात, मूळच्या शब्दांचे जागी क, ख, ग ऐसे येई. जो अधिक अक्षरे काढील त्याचा वर्षअखेरीस शाल देऊन सत्कार होई. बाईंची आज्ञावली ज्याने झाडिली त्यास त्या वर्षीची शाल मिळाली, कारण तीत टिपाच फार होत्या. मग ती पेटीत घालोन, कालपेटी ऐसे नाव देऊन, मोहोर करोन कंपनी विकू लागली.

पुढे सरकारची मर्जी जाहली की चंद्रावर नौका पाठवावी. दरबारात मते पडली. कोणी म्हणाले, तालुक्यास जाण्यास रस्ता नाही आणि चंद्रावर काय जाता. कोणी म्हणाले, शेजारच्या राज्याने पाठविली, आपण न पाठविली तर नाक जाईल. सेवकाचे मत कोणी पुसिले नाही, तथापि लिहितो की रस्ता हा हवाच आणि चंद्रही हवा, आणि चंद्र रद्द केल्याने रस्ता जाहला ऐसे सेवकाने आजवर पाहिले नाही. असो. नभखात्याचे प्रधान यादोराव पिंगळे यांनी ठराव केला, आणि नौका चालविण्याचे काम मथुराबाई लोटलीकर यांजकडे सोपविले, आणि नौकेचे घड्याळ म्हणोन सप्तकोटची कालपेटी घेतली. मथुराबाईंनी विनंती केली की पेटी उघडोन पाहू द्यावी. कंपनीचे मुखत्यार विश्वंभर दातीर यांनी सांगितले की मोहोर हीच हमी होय, आणि यादोरावांनी मान डोलविली, आणि मथुराबाई गप्प बसल्या. तेव्हा आपण गप्प बसलो ते चुकले, ऐसे त्या मागाहून अनेक वेळा बोलल्या.

सरकारी काम मिळताच कंपनीचे वकील जागे जाहले. आपल्या कालपेटीसारखे आणखी कोणाजवळ काही आहे काय म्हणोन शोध करिता निगडोलीची चावडी दिसली. मग न्यायालयात अर्ज केला की गोदावरीबाईंची आज्ञावली आणि आमची कालपेटी एकच आहे, ओळीस ओळ जुळते, सबब बाईंनी आमची नक्कल केली. न्यायाधीशांनी पेटी दाखवा म्हणोन सांगितले, तर मोहोर मोडता येत नाही ऐसे उत्तर आले. मग कज्जा चालेल तोवर बाईंनी चावडीवरील आणि आपणांजवळील सर्व प्रती पुसाव्या, ऐसा हुकूम जाहला. बाईंस फार वाईट वाटले. आपणच लिहिलेले आपण चोरिले ऐसे साऱ्या कसब्यात जाहले, आणि दळणाच्या गिरणीत बाया कुजबुजू लागल्या, आणि बाईंनी गिरणीत जाणे सोडिले. परंतु सदतीस वर्षे सरकारी हुकूम पाळिलेली बाई, तिने एकही प्रत राखिली नाही. आपल्या हाताने सर्व पुसोन न्यायालयास तसे कळविले.

कार्तिक शुद्ध पंचमीस नौका उडाली आणि वाटेवर सुखरूप चालली आणि चंद्राभोवती फेऱ्या घालू लागली, आणि मिठाई वाटली गेली. उतरण्याचा दिवस अजून दहा दिवस पुढे होता. इतकियात मार्गशीर्ष वद्य दशमीस, उड्डाणापासोन एकोणपन्नास दिवस सतरा तास होताच, नौकेचे घड्याळ शून्यावर आले. नौकेस वाटले की आपण अजून भूमीवर आहो, प्रस्थान व्हावयाचे आहे. म्हणोन तिने सूर्याकडे धरिलेले पंख मिटोन घेतले, जैसे उड्डाणापूर्वी मिटलेले असतात, आणि उतरण्याची आज्ञा पाठविली तर उत्तर येई की अद्याप निघाले नाही. पंख मिटल्यावर वीज येणे बंद. शिल्लक वीज पाच दिवसांची.

मग सरकारांनी कंपनीस दरडाविले आणि मोहोर मोडविली. मथुराबाई आणि त्यांची मंडळी आत पाहतात तो चाळीस हजार ओळी, क, ख, ग, आणि टीप म्हणाल तर एक नाही. कंपनीत विचारिले, तर ज्याने झाडिली तो शाल घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला, आणि राहिलेल्यांस पेटीत काय आहे ते मथुराबाईंइतकेच ठाऊक. दोन दिवस ओळी वाचण्यात गेले. घड्याळ कोठे मोजते ते सापडले, परंतु ते कैसे बदलावे, आणि एक बदलिता दुसरे काय मोडेल, हे कोणी सांगेना. चुकीची ओळ पाठविली तर नौका कायमची बहिरी होणार. यादोराव हात चोळीत फिरत होते आणि दरबारास काय लिहावे याचा मसुदा करीत होते.

तिसरे दिवशी मथुराबाई म्हणाल्या की कंपनीने स्वतः शपथेवर सांगितले आहे, निगडोलीची आज्ञावली आणि ही एकच, ओळीस ओळ जुळते. तर मग तिकडे टिपा असतील. यादोराव म्हणाले की ती बाई कज्ज्यातील प्रतिवादी, तिजकडे सरकारी माणसाने जाणे बरे दिसत नाही. मथुराबाईंनी गाडी काढिली आणि सेवकास लिहिण्यास सोबत घेतले.

गोदावरीबाई पडवीत तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. सरकारी गाडी पाहोन प्रथम घाबरल्या, त्यांस वाटले की जप्ती आली, आणि सर्व पुसल्याचा कागद आणण्यास आत जाऊ लागल्या. मथुराबाईंनी हात धरोन बसविले आणि सर्व हकीकत सांगितली. बाईंनी एकोणपन्नास दिवस सतरा तास हे ऐकताच सूप खाली ठेविले.

"त्यावर टीप होती," म्हणाल्या. "मी स्वतः लिहिली होती."

"काय होती?" मथुराबाईंनी विचारिले.

"ते मला कुठलं आठवायला, बाई? आठवत नाही म्हणून तर टीप लिहितो आपण."

आणि प्रती सर्व पुसलेल्या. मथुराबाई पायरीवर बसल्या. सेवकास पुढे काय लिहावे सुचेना, म्हणोन शेंगा सोलू लागला. मग गोदावरीबाई उठोन आत गेल्या आणि बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, हुकुमात आज्ञावली पुसा म्हटले होते, पोस्टकार्डांचे नाव नव्हते. गठ्ठा सोडिला, कार्डे दोनशे चौदा. तिघे मिळोन वाचू लागलो. एका साखर कारखान्याचे होते, एका मुलींच्या शाळेच्या घंटेचे होते, एकाने आज्ञावली चालली नाही म्हणोन दोन्ही बाजू भरोन तक्रार लिहिली होती. एकशे साठाव्या कार्डाचे सुमारास बाई थांबल्या आणि कार्ड मथुराबाईंचे हाती दिले. ते तालुका पाणीपुरवठा कचेरीतील हणमंत भोपळे यांचे, अकरा वर्षांपूर्वीचे. मजकूर इतकाच: "आज्ञावली चालते. ठिकाण पाण्याची टाकी, खालची पेठ. आमचे पंप रविवारीही बंद करता येत नाहीत, सबब खालची ओळ घेतली. कळावे."

त्या कचेरीस फोन लाविला. भोपळे अजून तेथेच होते, त्यांची प्रत यंत्रात होती, आणि त्यांनी सनदेप्रमाणे नावाचे आणि टिपांचे एक अक्षर हलविले नव्हते. ओळ वाचोन दाखविली, मथुराबाईंनी दोनदा म्हणवोन घेतली. मग ते म्हणाले की टीप पण आहे, वाचू का? वाचा म्हटले. टीप ऐसी: "हे मोजमाप एकोणपन्नास दिवस सतरा तास चालते, मग शून्यावर येते. आमच्या कचेरीत दर रविवारी यंत्र बंद करून पुसून पुन्हा चालू करतात, म्हणून आम्हाला त्रास नाही. जिथे यंत्र बंद करता येत नसेल तिथे खालची ओळ घ्यावी, मग दुसरे काही मोडत नाही. गो. कर्णिक." बाई हे ऐकताना पदराने डोळे पुसत होत्या.

मथुराबाईंनी तेथूनच नभखात्यास ओळ कळविली. नौका प्रत्येक फेरीत अर्धी घटका हाक ऐकत असे, आणि वीज थोडी म्हणोन अक्षर अक्षर सावकाश जाई. मथुराबाई म्हणाल्या की सनदेप्रमाणे टीप आणि नावही पाठविले पाहिजे. गोदावरीबाई म्हणाल्या, "आधी ओळ पाठवा. टीप काय, तुमची नौका उतरली की मग पाठवा. मी कुठे पळून जाते?" त्याप्रमाणे ओळ गेली. पुढील फेरीस नौकेने उत्तर दिले, आजचा दिवस बावन्नावा. पंख उघडिले आणि वीज चढू लागली, आणि यादोरावांनी मसुदा फाडिला.

पौष शुद्ध पंचमीस नौका चंद्रावर नीट उतरली. चंद्रावरील एक दिवस आपले चौदा दिवस, त्यानंतर तितकीच रात्र, आणि त्या थंडीत नौका वाचणार नाही हे आधीपासोन ठाऊक होते. चौदावे दिवशी शेवटचा निरोप पाठविण्याची वेळ आली तेव्हा यादोरावांनी दरबाराचे अभिनंदनपत्र पुढे केले, सव्वा पान होते. मथुराबाईंनी ते बाजूस ठेवोन टीप पाठविली, रविवारच्या पुसापुशीसह, नावासह. यादोराव रागावले, परंतु अक्षरे निघोन गेली होती. नौकेने पोहोचल्याची खूण दिली आणि निजली.

कज्ज्याचे ऐसे जाहले की कंपनीने गैरसमज जाहला म्हणोन अर्ज मागे घेतला, आणि न्यायाधीशांनी आज्ञावली गोदावरीबाईंची ठरविली. कंपनीने पेटीवर बाईंचे नाव घातले, तेही मोहोरेच्या खालचे बाजूस. झाडलोट खाते मोडिले नाही, नाव बदलोन सौंदर्य खाते केले. भोपळ्यांच्या प्रतीवरून आज्ञावली पुन्हा चावडीवर आली, आणि बाई पुन्हा गिरणीत जाऊ लागल्या, आणि गिरणीवाल्याने त्यांचा डबा रांगेत पुढे घेतला.

माघ महिन्यात निगडोलीस पोस्टकार्ड आले. सेवक नभखात्याचा हिवाळी अहवाल बाईंस देण्यास गेला होता, म्हणोन समक्ष वाचिले. अक्षर मथुराबाईंचे. "आज्ञावली चालली. ठिकाण चंद्र. आमचे यंत्र रविवारीही बंद करता येत नव्हते, सबब खालची ओळ घेतली. कळावे." बाईंनी ते दोनदा वाचिले, मागची बाजू पाहिली, आणि सुतळी सोडोन दोनशे पंधरावे म्हणोन गठ्ठ्यात लाविले.

एकंदर तात्पर्य हेच. नौका चंद्रावर निजली आहे, टीप तिचे पोटात आहे. कंपनी चालते आहे. तिचे पोस्टकार्ड अद्याप आले नाही.