पहिल्याच हाकेस ओ देणारांची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असावा आणि ऐकणारांचें चित्त ठिकाणीं असों द्यावें. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरीं, ज्येष्ठमासीं, नदीकांठच्या एका राज्यांत जें वर्तलें तें लिहितों. राज्याचें नांव घेण्याची आज्ञा नाहीं.

त्या राज्यांत दादो नरसी म्हणोन वृद्ध वकील होते. परदरबारीं सरकारची बाजू मांडितां आयुष्य गेलें, आणि जन्मांत कोणास नाहीं म्हणाले नाहींत. कुस्ती पाहावयास गेले तों मल्ल म्हणाला, "पंत, उतरतां का?" तर धोतर खोचून उतरले आणि खांदा निखळवून घेतला. नवरदेव तापानें पडला म्हणोन त्याचे बदलीं वरातीच्या घोड्यावर बसले आणि भलतीच अक्षत पडतां पडतां वांचले. माहुतानें अंकुश पुढें केला तो घेतला आणि हत्ती त्यांसुद्धां भाजीबाजारांत शिरला. चाकरींतून मोकळे जाहले आणि मग हें सर्व आपल्याच फजितीच्या विनोदानें लिहून काढिलें आणि पोथीस नांव ठेविलें 'आलें तें घेतलें'. तींत एक वाक्य होतें कीं, हाक कोणाची हें पुसत बसेल त्याची संधी दुसरा नेईल, आपण पहिल्याच हाकेस ओ द्यावी. महाराजांनीं पोथी भर दरबारीं वाचावयास लाविली आणि हंसतां हंसतां डोळे पुसले आणि नकला करवून पेठोपेठीं वांटविल्या.

मग वाचणारे पंतांचे घरीं लोटले. सोनारांची भागूबाई, सत्तरी उलटलेली, घोडीवर बसावयास शिकली आणि घोडी थेट पंतांच्या दारांत आणून म्हणाली, "पंत, तुमच्या पोथीनं माझं म्हातारपण पळवून लावलं हो!" किल्लेदार सुभानजी, ज्यांस हंसतां कोणी पाहिलें नव्हतें, ते लावण्या गाऊं लागले. पंतांस उतारवयीं मोठें सुख जाहलें. मात्र त्यांच्या कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, "हसले मी पुष्कळ. पण ते ओ देण्याचं तेवढं खोडा. डोहाची रीत ठाऊक नाही का तुम्हाला?" ती रीत ऐसी. नगराखालीं नदीस खोल डोह आहे, तेथें भर दुपारीं ओळखीच्या आवाजांत नांव घेऊन हाक येते. तिसऱ्या हाकेवांचून ओ देऊं नये, कां कीं तेथें जें हाक मारितें तें तिसऱ्यानें मारीत नाहीं. पंत हंसले आणि म्हणाले, "लोक गंमत म्हणून वाचतात, गंमत म्हणून सोडून देतील." आणि वाक्य राहिलें.

मग एके दुपारीं भागूबाई डोहावर धुणें धूत असतां तिच्या मेल्या बहिणीच्या आवाजांत हाक आली, "भागू, येतेस?" भोंवतालच्या बायांनीं माना खालीं घातल्या. भागूबाई मात्र हंसली आणि "पंत काय म्हणतात? पहिल्याच हाकेला! आले गं!" ऐसें बोलोन पाण्यांत चालती जाहली. बायांनीं आक्रोश केला, कोळी उतरले, कांहीं लागलें नाहीं. आणि सांज होतां ती आपल्या पायीं घरीं आली. लुगडें कोरडें, केंस मात्र निथळत होते. सुनेनें पुसलें, "जेवलांत का?" म्हणाली, "होय." "जेवायचं राहिलंय का?" "होय." "मग मी कोण, सांगा बरं?" तर नुसती हंसली. घोडीनें तिला जवळ येऊं दिलें नाहीं, आणि केंस पुढेंही वाळले नाहींत.

लोकांनीं भ्यावें, तों उलटेंच जाहलें. बाई पाण्यांतून परत आली, ऐसी संधी कोण सोडितो, म्हणोन पोथी वाचलेले आपण होऊन दुपारीं डोहावर बसूं लागले. किल्लेदार गेले आणि परत आले. सराफ गेले, वैद्य गेले आणि परत आले. आणि मग ते सर्व एकेक करून पंतांच्या ओसरीवर येऊन बसत. पंत चांचरत पुसत, "पोथी आवडली ना?" "होय." "कीं नाहीं आवडली?" "होय." सर्वांचें हंसणें एकच, आणि ओसरीवर पाण्याचे ओघळ. पंतांच्या तोंडचें पाणी पळालें.

पुढें शेजारची ठकूबाई डोहाकडे निघाली आणि तिला ओढावयास सगुणाबाई मागें धांवल्या. ठकूबाईचा पदर हातचा सुटला, ती पाण्यांत गेली, आणि सगुणाबाई गुडघाभर पाण्यांत उभ्या राहिल्या. तों पाण्यांतून पंतांचाच आवाज आला, "सगुणे, ये. भितेस काय?" इतक्यांत खासे पंत धापा टाकीत कांठीं पोंचले आणि ओरडले, "नको! मागें फीर!" बाई चमकल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात मला नको म्हटलं नाही. खरे कोणते?" आणि मग दोहींकडे पाहून बोलल्या, "पाय निसटतोय. येऊ?" पाणी म्हणालें, "ये." पंत म्हणाले, "हलूं नको, मी येतों." बाई पाण्याकडे पाठ करून बोलल्या, "पाय निसटतोय म्हटल्यावर जो ये म्हणतो, तो माझा नव्हे." पंतांनीं हात धरून बाहेर काढिलें आणि लहान मुलासारखे रडले.

दुसरे दिवशीं हुजुरांतून बोलावणें आलें. महाराज प्रसन्न होते. म्हणाले, "पंत, तुमच्या पोथीनें रयत कैसी आज्ञाधारक जाहली! आतां सारी फौज डोहावर उभी करा आणि पोथी वाचून दाखवा. नाहीं न म्हणणारी फौज आम्हांस पाहिजे." पंत म्हणाले, "नाहीं, महाराज." महाराज क्रोधायमान जाहले आणि दरबारास पुसलें, "ह्याची गर्दन मारावी?" दरबार बोलिला, "होय." एक सूर, एक हंसणें. महाराज थबकले. मग सावकाश पुसलें, "कीं सोडावें?" "होय." "आम्ही शहाणे?" "होय." "आम्ही मूर्ख?" "होय." तेव्हां महाराजांनीं खालीं पाहिलें, तों मानकऱ्यांच्या पागोट्यांतून थेंब गळोन गालिचा भिजला होता.

महाराजांनीं सर्वांस बाहेर घालविलें आणि सिंहासनावरून उतरोन पंतांचें मनगट धरिलें आणि हळूच बोलिले, "आऊसाहेब गेल्या, तुम्हीच खांदा दिला. त्या दुपारच्या आम्हांस हाक मारितात. जावें काय, ऐसें ज्यास त्यास पुसलें. सर्व म्हणाले, होय. पंत, तुम्ही काय म्हणतां?" पंत म्हणाले, "जाऊं नये." तोंच दुपारची नौबत झडली आणि खिडकीखालून, नदीकडून, म्हाताऱ्या बाईचा मायेचा आवाज आला, "बाळ, येतोस?" महाराजांचे ओंठ उघडले. राजाच्या अंगास हात लावणें हा गुन्हा, तरी पंतांनीं तळहात त्यांच्या मुखावर दाबिला आणि आवाज विरेपर्यंत काढिला नाहीं. महाराजांच्या आंसवांनीं तो हात भिजला.

एवंच, पोथीच्या नकला जाळिल्या आणि डोहाची वाट बंद केली. परत आले ते अद्याप आहेत, कोणास उपद्रव करीत नाहींत. पंतांस नवें पद दिधलें, काम इतकेंच कीं दुपारीं महाराजांजवळ बसावें आणि नको म्हणावें. पंत थकले तेव्हां आपल्यामागें कोण, म्हणोन मुत्सद्दी धुंडिले. ज्यास पुसावें तो म्हणे, होय. शेवटीं घरीं येऊन सगुणाबाईंस पुसलें. त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं." तेव्हां पंतांनीं त्यांचेंच नांव हुजूर कळविलें. इतकें वर्तमान. सकाळीं वाचाल तर कळलें म्हणावें, दुपारीं वाचाल तर उगें राहावें.