पाठमोरे पंचनदराव

पंचनदराव पक्षी बघायला यायचे आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे.

गळ्यात दुर्बीण नाही, हातात वही नाही. आम्ही दहा-बाराजण रविवारी पहाटे पेरुंगुडीच्या पाणथळीकडे डोळे ताणून उभे, आणि आमच्याकडे तोंड करून हे ताठ गृहस्थ. "उगे राहा! कान द्या!" ते दरडावायचे. उगे राहा म्हणजे गप्प बसा. तंजावरच्या मराठीत लोक अजून उगे राहतात. मग हात वर जायचा. "कोतवाल. मागे, तारेवर." बघावं तर तारेवर कोतवाल!

"बघणं आळशी माणसांचं काम," ते म्हणायचे. "मी तारखात्यात बत्तीस वर्षं टकटक कानानं वाचली आहे."

सातारा सोडून आम्ही नवरा-बायको मद्रासला मुलाकडे नुकतेच आलो होतो. पहिल्याच दिवशी नवी जांभळी साडी नेसून गेले. "अक्का, कोणाचं लग्न आहे काय? मातीच्या रंगाचं नेसा. भडक दिसलं तर पक्षी मद्रास सोडून जातील!" पण मी मराठीत उलट बोलले मात्र, त्यांनी मला ओढून पहिल्या रांगेत, थेट आपल्यासमोर उभं केलं. तीच माझी जागा झाली.

"तुमच्यात ह्याला काय म्हणतात?" प्रत्येक पक्ष्यापाशी विचारायचे. धीवर, शिंजीर, तांबट, वटवट्या. एकेक नाव तीनतीनदा म्हणवून घ्यायचे, आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून ऐकायचे. मी तेव्हा जेमतेम त्रेसष्टची, अगदीच अल्लड. मला वाटलं, मातृभाषेचं प्रेम. पुढे वाटायला लागलं, प्रेम नुसतं भाषेवरचं नसावं. मी गजरा माळायला लागले. गजरा भडकात मोडत नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं.

मला एक खोड होती. पक्षी बोलला की त्याचं नाव मी मनातल्या मनात म्हणायची, पण ओठ हलायचे. आणि मी म्हणावं तेच नाव पंचनदरावांनी तमिळमध्ये जाहीर करावं! "आमचे कान जुळतात," मी घरी ऐटीत सांगितलं.

"पत्रिका जुळते हे ऐकलं होतं," पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले.

क्लबात कार्तिका नावाची एक मुलगी होती, शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरवर काम करणारी. तिनं फोनवर एक ॲप आणलं. पक्ष्याचा आवाज ऐकून ते नाव सांगायचं. "अंकल, आता तुम्ही सावलीत बसा, फोन ऐकेल."

"पो, पो!" पंचनदरावांनी तमिळमध्ये तिला उडवून लावलं. "डबा तो. त्याची ओळख आहे का पक्ष्यांशी?"

आणि एका रविवारी टुक, टुक, टुक असा आवाज आला. माझे ओठ हलले.

"तांबट!" पंचनदराव तमिळमध्ये म्हणाले.

"अंकल, पलीकडे बिल्डिंग चाललीय. हातोडा आहे तो!"

सगळे खोखो हसले. चूक खरी माझी होती, पण मी साळसूदपणे गजरा सारखा केला. तेवढ्यात हातोडा थांबला. मजूर चहाला गेले असावेत. पंचनदरावांचं बोट मात्र हवेत ताल धरून होतं. "टुक, टुक… ऐकताय ना? अजून चाललाय."

ही गंमत समजून लोक दुप्पट हसले. मी हसले नाही. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती, आणि माझे ओठ मिटलेले होते.

कार्तिकानं जाहीर केलं, "पुढच्या रविवारी अंकल आणि फोन, दोघांची परीक्षा. अंकल चुकले, तर पोंगलच्या पक्षीमोजणीत फोन पुढे."

बसथांब्यावर मी त्यांच्या मागून विचारलं, "किती दिवसांपासून?" उत्तर नाही. समोर जाऊन पुन्हा विचारलं.

ते चपलांकडे बघत बोलले. "बायको ओरडायची, बहिरे झालात काय! मी म्हणायचो, उगी राहा. मग ती गेली. घर गप्प झालं. मला वाटलं, ती नाही म्हणून गप्प आहे. तीन वर्षांनी कळलं, कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही."

"यंत्र लावा की कानाला."

"लावलं तर सगळ्यांना दिसेल. मग इथे माझं कोण ऐकेल, अक्का? आठवड्यात हा एकच तास कोणी माझं ऐकतं."

एग्मोरची बस आली. ती आल्याचं मी त्यांना हात लावून सांगितलं.

पुढच्या रविवारी पहाटे मी सुनेच्या ड्रॉवरमधली सगळ्यांत लाल लिपस्टिक काढली आणि सढळ हातानं लावली. "आज कुठला पक्षी?" ह्यांनी विचारलं. मातकट साडी आणि एवढा एकच लालभडक ठिपका. मी हुबेहूब बुलबुल दिसत होते. फक्त बुलबुलाचा लाल रंग दुसऱ्या टोकाला असतो.

"आंटी, कलर!" कार्तिका कुजबुजली. "अंकल ओरडतील."

पंचनदरावांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. ओरडले नाहीत. सावकाश पाण्याकडे पाठ केली आणि हात वर नेला.

"उगे राहा," ते म्हणाले. "कान द्या."

मागे पाणगवतात कोणीतरी बारीक किलबिललं. मी बालवाडीतल्या बाईंसारखे ओठ हलवले. व-ट-व-ट्या.

"वटवट्या," पंचनदराव म्हणाले. मराठीतच.

कार्तिकाच्या फोनवर नाव शोधणारं चक्र अजून गोल फिरत होतं.