चांदणी थांबली!

रुपानं आयुष्यात एकच मोठी चूक केली. ती बापासमोर बढाई मारून बसली!

"आप्पा, माले तीन महिना द्या. कोनताबी घोडा आना, कोनताबी मानूस आना. दोन्हीस्ले ड्रेसाज शिकाडी देसू!"

लोणखेड्याच्या हिलाल पाटलांची ही लेक. नाशिकला घोडेस्वारीच्या शाळेत दोन वर्षं नोकरी करून परत आलेली. आता तिला स्वतःची शाळा काढायची होती, आणि तीही आप्पांच्या अर्ध्या एकरात, जिथली पपई नुकतीच काढून झाली होती. वावर रिकामं होतं. आप्पा मात्र देतो म्हणत नव्हते आणि नाही असंही म्हणत नव्हते.

"पन हे ड्रेसाज काय ऱ्हास?" त्यांनी विचारलं.

रुपानं समजावलं. आखलेली चौकट असते. घोड्यानं त्यात ठरलेल्या जागी वळायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, ठरलेल्या चालीनं चालायचं. आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की वर बसलेला माणूस काहीच करत नाहीये!

"काहीच न करानं काम?" आप्पा खूश झाले. "ते माले झकास जमस! मंग माले शिकाड. आनि आपली चांदणीले."

रुपाच्या हातातला चहा तिथंच राहिला. आप्पा माजी सरपंच, वय अठ्ठावन्न, वजन ते कुणाला सांगत नसत. आणि चांदणी? चांदणी ही शहाद्याच्या फकीरभाईंची वरातीची घोडी! त्यांच्या घरात तीन पिढ्या नवरदेव मिरवायचा धंदा. हल्ली नवरदेव उघड्या जीपमधून येतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी फकीरभाईंनी डोळे पुसत पुसत तिला आप्पांना विकली होती.

"संक्रांतनंतर शहादाले स्पर्धा शे ना?" आप्पा म्हणाले. "चौकटना बाहेर पाय पडना का घंटी वाजस, बरोबर? घंटी न वाजता शेवटलोंग गयूत, ते वावर तुन्हं. वाजनी, ते वावरम्हा परत पपई, आनि तू नाशिकले वापस!"

झालं! शब्द तोंडातून गेला होता. दुसऱ्या दिवशी रुपानं वावरात फक्कीनं चौकट आखली, फवारणीच्या रिकाम्या डब्यांवर अक्षरं रंगवून कडेकडेनं ठेवली आणि शिकवणी सुरू झाली.

पहिला आठवडा फेट्यात गेला.

"आप्पा, हेल्मेट!"

"फेटा बांधाबिगर घोडीवर बठाले मी काय चोर शे?"

शेवटी हेल्मेटवरून फेटा बांधायचं ठरलं. आप्पांचं डोकं रांजणाएवढं दिसू लागलं. दुसरा आठवडा फोनमध्ये गेला. चौकटीच्या ऐन मधोमध आप्पा घोडीवरून युरियाचा भाव विचारत! शोभाबाईंनी, म्हणजे रुपाच्या आईनं, फोन काढून घेतला तेव्हा कुठे आप्पांचे दोन्ही हात लगामाला लागले.

"पोरी, तुन्हा बापले मी तीस वरीसपासून शिकाडी ऱ्हायनी," शोभाबाई म्हणाल्या. "तू तीन महिनाम्हा शिकाडशी?"

पण खरा ताप आप्पांचा नव्हताच. आप्पा हळूहळू सुधारले. पाठ ताठ झाली, टाचा खाली गेल्या. ताप होता चांदणीचा. ती थांबायची!

चांगली दुडक्या चालीत यायची, कान टवकारलेले, मान बाकदार. बघून रुपाचा ऊर भरून यायचा. तेवढ्यात आप्पा काहीतरी घोळ घालायचे. डावीकडे सांगितलं की उजवीकडे, नाहीतर "उजवीकडे म्हंजे तुन्ही का मन्ही?" असा प्रश्न! रुपा घोडीच्या पुढ्यात येऊन वैतागून कोपरापासून हात जोडायची, "आप्पा, हात जोडस तुम्हना पुढे!" आणि चांदणी खाड्कन उभी! मग टाच मारा, चुचकारा, लगाम हलवा, ढिम्म नाही. खांबासारखी उभी, आणि चेहऱ्यावर असा शांत भाव की बघणाऱ्याचं रक्त खवळावं! शेवटी रुपानं खिशातली मूठभर चण्याची डाळ पुढे केली की मगच हलायची.

"मी काय करू? ती थांबनी!" आप्पा वरून ओरडायचे.

"तुम्हीच थांबाडी!"

"मी काहीच करं नही! तूच शिकाडं ना, काही करू नका म्हनीसन!"

रुपानं खूर तपासले. जीन बदललं. लगाम बदलला. जनावरांचे डॉक्टर येऊन कान, दात, डोळे बघून गेले आणि "घोडी उत्तम आहे, तुम्ही जरा झोप घ्या" असं रुपालाच सांगून गेले. बरं, हे वावरातच होतं म्हणावं, तर तसंही नाही. गावातून नेताना चौकात कुणी "राम राम, सरपंच!" म्हटलं की चांदणी उभी. चौकात कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, तोंडभर हसू आणि हात जोडलेले. त्याच्यासमोर तर ती अर्धा तास हललीच नाही! मागे दोन ट्रॅक्टर, एक उसाची गाडी आणि शाळेची बस. "चांदणीनं पार्टी बदली दिधी का?" असं लोक विचारू लागले. आप्पा दुसऱ्याच पक्षाचे होते, त्यामुळे ते चार दिवस घराबाहेर पडले नाहीत.

स्पर्धेला पंधरा दिवस उरले तेव्हा रुपानं हार मानली आणि फकीरभाईंना बोलावलं. म्हातारा आला, बांधावर बसला, सुपारी कातरत दहा मिनिटं नुसता बघत राहिला. चौकटीत नेहमीचंच चाललं होतं. आप्पा चुकले, रुपानं हात जोडले, चांदणी थांबली. आप्पा पुन्हा चुकले, रुपानं पुन्हा हात जोडले, चांदणी पुन्हा थांबली. फकीरभाई हसायला लागले. इतके हसले की त्यांना सुपारीचा ठसका लागला.

"बेटा," ते डोळे पुसत म्हणाले, "घोडी बिघडेल नही शे. ती तुन्हंच ऐकी ऱ्हायनी!"

"मन्हं?"

"नवरीना बाप मांडवना दारवर कसा उभा ऱ्हास? हात जोडीसन! 'या, या' करीसन! मी तिले लहानपनपासून तेच शिकाडेल शे. समोर हात जुडनात, का थांबानं. दूर जुडनात, ते त्या मानूसना समोर जाईसन थांबानं. नवरदेवले ओवाळतंस, तिले मूठभर चनानी डाय भेटस, तवलोंग हलानं नही. तीनशे लगन करी टाकात आम्ही, एकदाबी चुकनी नही!"

रुपा मटकन बांधावर बसली. अडीच महिने! अडीच महिने ती दिवसातून वीस-वीस वेळा घोडीला थांबायचा हुकूम देत होती, आणि वर घोडीवर चिडत होती! तिनं स्वतःच्या दोन्ही हातांकडे असं पाहिलं की जणू ते शेजाऱ्याचे असावेत.

"आते तिले डाय नको देऊ, आनि हात नको जोडू," फकीरभाई म्हणाले. "बस. बाकी घोडी सोनं शे."

आणि खरंच! दुसऱ्या दिवसापासून रुपा खिशात हात घालून शिकवू लागली आणि चांदणी लोण्यासारखी चालली. आठ दिवसांत बापलेकीला घोडी पुरी वश झाली. रुपा मनातल्या मनात शाळेचं नाव ठरवू लागली.

स्पर्धेच्या दिवशी ती पहाटेच मैदानावर हजर. अर्धं लोणखेडं सरपंचांना बघायला येणार होतं, म्हणजे किती हात! ती एकेकाला गाठत सुटली.

"वाहरूकाका, हात खिसाम्हा घाला!"

"मंग राम राम कसा करू?"

"नुसती मान हालाडा!"

तुळशीबाईंना खिसाच नव्हता, त्यांच्या दोन्ही हातांत तिनं एकेक पिशवी दिली. आणि कमानीपाशी बघते तर काय, 'सहर्ष स्वागत' लिहिलेला केवढा थोरला फ्लेक्स, त्यावर माणसाएवढे जोडलेले हात! तिनं संयोजकांच्या हातापाया पडून, म्हणजे हात न जोडता पडून, त्यावर ताडपत्री टाकून घेतली. परीक्षक म्हणून पुण्याहून आलेल्या बाईंनाही ती भीत भीत सांगून आली, "मॅडम, नमस्कार केला नाहीत तरी चालेल." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

आप्पांचं नाव पुकारलं. रुपा परीक्षकांच्या मंडपाशेजारी, चौकटीच्या जमिनीवर टाकलेल्या दोरीबाहेर जाऊन उभी राहिली.

आणि काय सांगावं! रांजणाएवढा फेटा सोडला तर आप्पा राजासारखे दिसत होते! चांदणी मधोमध आली, थांबली. आप्पांनी शिकवल्याप्रमाणे एका हातानं सलामी दिली. मग गोल फेरी, बिनचूक. तिरपी रेघ, बिनचूक. दुडकी चाल, सावकाश चाल, पुन्हा दुडकी. मैदान चिडीचूप. सगळं लोणखेडं खिशात हात घालून श्वास रोखून उभं! शोभाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपाला तर समोर पपईच्या जागी कुंपण, तबेला, रांगेत उभी पोरं असं सगळं दिसायला लागलं.

शेवटची सरळ रेघ उरली. वीस पावलं चालायचं, थांबायचं, सलामी द्यायची, संपलं. आप्पा वळले. समोर गर्दी दिसली. आपण जिंकलोच हे त्यांना कळून चुकलं, आणि त्यांनी लगाम एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं झोकात मिशीला पीळ भरला!

"आप्पाऽऽ!" रुपाच्या तोंडून निघालं. "हात जोडस तुम्हना पुढे!"

आणि जोडले! कोपरापासून!

चांदणीनं पाहिलं. किती दिवसांनी! तिचे कान उभे राहिले. थांबायच्या जागेकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तरातरा सरळ आली, पांढरी दोरी ओलांडली, रुपासमोर येऊन खांबासारखी उभी राहिली, आणि डाळ कुठंय म्हणून तिच्या खिशात तोंड खुपसलं.

घंटी वाजली.

"घोडी फार छान आहे," परीक्षक बाई कागदावर काट मारत म्हणाल्या. "पण हिला इकडे बोलावलं कुणी?"

अख्ख्या लोणखेड्याचे हात तीन तासांनी पहिल्यांदा खिशाबाहेर निघाले आणि सगळ्यांनी रुपाकडे बोट दाखवलं!

घरी आल्यावर रुपा मुकाट्यानं बॅग भरायला लागली. रडू येत होतं, पण कुणावर रडायचं हेच कळत नव्हतं. आप्पा दारात येऊन उभे राहिले. फेटा अजून हेल्मेटवरच होता.

"बॅग कसाले भरी ऱ्हायनी?"

"घंटी वाजनी ना, आप्पा. बोली ती बोली."

"घंटी वाजनी. पन कोनामुये?" आप्पा ओसरीवरच्या खाटेवर बसले. "घोडी तयार व्हयनी. मी बी तयार व्हयनू. आते फक्त मास्तरीनले शिकाडनं बाकी शे. त्याले काही तीन महिना पुरत नहीत! दोन-तीन वरीस लागतीन. मंग इतला दिन तू सराव कोठे करशी? वावर ली ले."

रुपा धावत ओसरीवर आली, बापाचे उपकार कसे मानावेत ते कळेना, आणि तिचे दोन्ही हात आपोआप छातीपाशी येऊ लागले...

अंगणात बांधलेल्या चांदणीनं कान टवकारले.

रुपानं घाईघाईनं हात खिशात घातले.