पानांतला दोनातो

आयव्हीचं पान नाकापुढे बोटभर अंतरावर लोंबत असेल, तर श्वास घेताना ते ओठांना चिकटतं आणि सोडताना दूर जातं. दोनातो सकाळपासून हेच पाहत होता. डोक्यापासून घोट्यांपर्यंत त्याच्या अंगावर वेल होती, आईने तारेने घट्ट शिवलेली.

ईस्टरच्या उपासांआधीच्या कार्निव्हल सणात, शेवटच्या रविवारी, इटलीतल्या त्यांच्या गावात रानमाणूस हिंडतो. तो काठीने दारं घासतो, लोक त्याला खायला देतात. सूर्य मावळेपर्यंत मात्र तो अवाक्षर काढत नाही. काढलं तर गावाचं वर्ष वाईट जातं. यंदा हे काम दोनातोने हट्टाने मागून घेतलं होतं. कारण त्याच्या प्रेयसीने, जेरार्दाने, बजावलं होतं, "नऊ वर्षं झाली. रविवारी बारापर्यंत लग्नाला हो की नाही ते सांग. नाहीतर मी चालले बोलोन्याला, नोकरीवर."

तिचं दार घासलं, तर तिच्या आईने त्याच्या हातात सॉसेज कोंबलं. "गेली ती! पोतेन्झाहून बाराची बस आहे. तू हिंड असाच झाडासारखा!"

दोनातो धावत सुटला. पोतेन्झा शहराला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर गावचाच. त्याने तिकीट मागितलं नाही, उलट अर्धा पाव दिला.

पोतेन्झाच्या स्टँडवर, बोलायचंच नसल्याने, चौकशी करायची सोय नव्हती. म्हणून तो एकेका बसचं दार घासू लागला.

"अगं बाई, झाड चाललंय!" एक म्हातारी किंचाळली.

पोलीस आला. "ओळखपत्र?"

दोनातोने सॉसेज पुढे केलं.

"लाच देतोस? तीही चावलेली?"

पोलिसाने उद्यान खात्याला फोन लावला. चालणारी झाडं आमच्याकडे येत नाहीत, असं उत्तर मिळालं. प्राण्यांच्या खात्याने विचारलं, "मुळं आहेत का?" पोलीस वाकून पाहू लागला. भोवती ही गर्दी जमली.

गर्दीतून दोन बॅगा घुसल्या, मागोमाग जेरार्दा. तिने बूट ओळखले.

"बाई, तुमच्या ओळखीचा का हा?"

"नऊ वर्षांच्या ओळखीचा. पानं आजची आहेत साहेब, गप्प बसणं जुनंच."

"मग घेऊन जा की याला! कोण लागता याच्या?"

"त्यालाच विचारा. मलाही ऐकायचंय."

बोलोन्याच्या बसने हॉर्न दिला. जेरार्दाने बॅगा उचलल्या. दोनातोने वर पाहिलं. सूर्य अगदी डोक्यावर होता.

"बायको," तो म्हणाला. "म्हणजे, होणार आहे. ईस्टर झाला की पहिल्याच रविवारी आम्ही लग्न करतोय."